चार माणसं आणि एकशे नव्वद किलो

हॅरो, ११ एप्रिल

तीर्थस्वरूप रघुवीरराव यांस,

पद्माकरचा साष्टांग नमस्कार. जावयानं मेहुण्याला साष्टांग घालायची पद्धत नाही हे मला माहीत आहे. पण गेले दोन महिने मी एका पिकअप ट्रकच्या दाराखाली चिकटवलेली बारीक अक्षरांची पाटी वाचायला रोज जमिनीवर आडवा होतो, त्यातच तुमचाही नमस्कार उरकून घेतो आहे, तो गोड मानून घ्यावा. मोतीबिंदूनंतर डोळा कसा आहे? श्यामलावहिनींचे गुडघे काय म्हणतात? नागपुरात एव्हाना कूलर लागले असतील. इकडे सुप्रभाची प्रकृती उत्तम आहे, मिहीर रीडिंग गावी त्याच्या ऑफिसात सुखी आहे, आणि माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही. (फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण असं की तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि आमच्याकडे सुप्रभा कायम शेजारी असते.)

तुम्हाला आठवत असेल, गेल्या दिवाळीत तुम्ही एकदाचे इकडे यायला तयार झालात. चौतीस वर्षं सुप्रभा तुम्हाला बोलावते आहे आणि चौतीस वर्षं तुमची काही ना काही अडचण निघते आहे, त्यामुळे तुम्ही 'येतो' म्हणालात तेव्हा ती फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे बघत बसली होती. मग तुम्ही स्कॉटलंड बघायचं म्हणालात, आणि लगेच तीन अटी घातल्यात. परक्या स्वयंपाकघरातलं खाणार नाही, परक्या संडासात जाणार नाही, आणि आंघोळ बादलीनंच करणार, तीही पाटावर बसून. म्हणजे हॉटेलं बाद झाली. मी म्हटलं की याचा अर्थ दादांनी नाही म्हटलं आहे, फक्त लांबच्या वाटेनं. सुप्रभा म्हणाली, नाही, याचा अर्थ घरच बरोबर न्यायचं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चाकांवरची घरं बघायला लागलो. प्रत्येक ठिकाणी ती आपली बादली आणि पाट घेऊन जायची, मोरीचं दार लावून आत बसायची, आणि कोपर भिंतीला लागलं की बाहेर येऊन मान हलवायची. विकणारी माणसं फार सभ्य, कोणी काही विचारलं नाही. अकराव्या ठिकाणी तिची कोपरं मोकळी राहिली. ते निघालं फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे या देशात मिळणाऱ्या ओढायच्या घरांतलं जवळजवळ सगळ्यात मोठं. बादली बसली म्हणून आम्ही घर घेतलं.

आता या नावाबद्दल. मी ट्रेलरची चाकं मोजली, ती चार निघाली. पाचवं मिळालं नाही म्हणून मी तक्रार केली. विकणाऱ्या गृहस्थांनी मला हाताला धरून समजावलं की पाचवं चाक हे चाक नसतंच. तो एक लोखंडी जबडा असतो, पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेला, आणि ट्रेलरची मान येऊन त्यात अडकते. हे मला अजून पटलेलं नाही, पण ते असो. मग पिकअप घ्यायची वेळ आली. ट्रेलर भरून तीन हजार चारशे किलो, आणि पिकअपच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं की ती साडेतीन हजार ओढते. मी म्हटलं, झालं, शंभर किलो वर हातचे राहिले. विकणारे म्हणाले, आरामात ओढेल. शेजारी म्हणाले, ओढेल की. ओढेल का, एवढाच प्रश्न मी सगळ्यांना विचारला आणि सगळ्यांनी त्याचं खरं उत्तर दिलं. गाडी दारात आल्यावर मिहीरनं तिची पाटी वाचली आणि म्हणाला, "बाबा, हा गाडी ओढू शकतो, पण उचलू नाही शकत. दोन डिफरंट थिंग्ज आहेत."

तर त्या दोन डिफरंट थिंग्ज मला समजल्या तशा सांगतो. साध्या ट्रेलरचं वजन बहुतेक त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. हे आमचं घर मात्र आपली मान पिकअपच्या पाठीवर टाकून चालतं, आणि ती मान सातशे किलोंची आहे. जबडा सत्तर किलो. आणि पिकअपनं एकूण अंगावर घ्यायचे ते नऊशे साठ. म्हणजे उरले एकशे नव्वद, त्यात आपण चौघं. (मिहीरनं मला आणखी तीन आकडे सांगितले, त्यांची नावं तीन-तीन इंग्रजी अक्षरांची आहेत. मी ती फ्रीजवर लावली आहेत आणि येता-जाता वाचतो. अजून उजेड पडलेला नाही.) एक सवलत आहे. इथल्या कायद्यात ड्रायव्हर पंच्याहत्तर किलोंचा धरून तो गाडीच्याच वजनात आधी मोजलेला असतो. मी चौऱ्याण्णव आहे. म्हणजे कायद्याच्या ड्रायव्हरवर मी एकोणीस किलो चढून बसतो, ते त्या एकशे नव्वदातून जाणार.

आता नाजूक भाग येतो, तेव्हा जरा दमानं वाचा. मी भूलतज्ज्ञ. सगळी नोकरी माणसांना वजनावरून भूल देण्यात गेली. माणूस दारातून आत येताना मी त्याचं वजन दोन किलोंच्या आत सांगतो. पण घरात हा गुण मी कधी वापरला नाही, म्हणूनच आमचा संसार टिकला. मिहीरच्या तक्त्यात आईचं वजन भरायचं आलं तेव्हा मी लग्नाची फाइल काढली. त्यात तुमच्या हस्ताक्षरातलं स्थळाचं माहितीपत्रक आहे: 'उंची पाच फूट एक, वजन ४६ किलो, स्वभाव शांत.' तिच्या वजनाबद्दल माझ्याकडे असलेला हा एकमेव लेखी पुरावा. मी ४६ भरले. (माझ्यातला डॉक्टर खाकरला, मी त्याला गप्प केलं.) तुम्ही फोनवर तुमचे सत्तर सांगितलेत, वहिनींनी पंचावन्न. माझे जादा एकोणीस धरून बेरीज आली बरोबर एकशे नव्वद. असं बरोबर उत्तर शाळा सुटल्यावर मला पहिल्यांदाच आलं होतं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

खात्री करायची म्हणून आम्ही सगळा लवाजमा घेऊन वजनकाट्यावर गेलो. तुमच्या जागी मागच्या सीटवर दहा-दहा किलोंची तांदळाची सात पोती, वहिनींच्या जागी पाच पोती कणीक आणि वर पाच किलो तूरडाळ, सगळ्यांना पट्टे बांधलेले. मी चालवतो आहे, सुप्रभा शेजारी, आणि मध्ये-मध्ये ती मागे वळून पोती नीट बसली आहेत ना बघते आहे. काट्यावर पिकअप हवी त्यापेक्षा वीस-पंचवीस किलो जास्त भरली. मी जबड्याला दोष दिला, टाकीतल्या डिझेलला दिला, कालच्या पावसालाही दिला. रविवारी मिहीर आला, त्यानं पावती आणि तक्ता शेजारी-शेजारी ठेवले आणि अगदी निरागसपणे विचारलं, "बाबा, आईचा वजन फॉर्टी-सिक्स कुठून आला?" सुप्रभा तिथेच होती. तिनं चहा टाकला, तो दोनच कप, एक मिहीरचा आणि एक स्वतःचा.

तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता-लाटता ती म्हणाली की तुम्ही तिघं जा, दादाला स्कॉटलंड दाखवून आणा, मी घरी राहते. रागानं म्हणाली असती तर मी समजलो असतो, पण साधं म्हणाली, दूध संपलंय म्हणावं तसं. रघुवीरराव, तेव्हापासून मला काही सुचेनासं झालं आहे. जिनं तुमच्यासाठी अकरा मोऱ्यांत पाट मांडला, ती घरी राहणार आणि मी तुम्हाला डोंगर दाखवणार, हे मला तरी जमायचं नाही.

असो. उन्हात फिरू नका. वहिनींना नमस्कार, आणि त्यांना कणकेच्या पोत्यांचं काही सांगू नका.

आपला,
पद्माकर

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. तुम्ही तिला फोन करून एवढंच म्हणा की हॉटेल चालेल. इडली-सांबार मिळणारं हॉटेल मी शोधतो, बादली मी स्वतः उचलून आणतो, आणि संडासाचं आपण दोघं पुरुष मिळून बघून घेऊ. हे मी सुचवलं असं मात्र म्हणू नका. ट्रेलर मी विकून टाकीन. तो मला कळतही नाही आणि वळवता तर मुळीच येत नाही. तो ज्या शेतावर उभा असतो तिथलं कुंपण मी दोनदा हलवलं आहे.

आणखी ता. क. (१३ एप्रिल, पाकीट अजून टाकलेलं नाही.) वरचा ता. क. रद्द समजावा. काल मिहीर बोलता-बोलता म्हणाला की ड्रायव्हर पंच्याहत्तरच्या आत असेल तर तो धरायचाच नाही, शून्य. माझं चौऱ्याण्णव सगळ्यांना ठाऊक होतं, आणि घरातल्या दुसऱ्या ड्रायव्हरला तिचं वजन विचारायची माझी छाती नव्हती. सुप्रभा उठली, वरून बाथरूममधला काटा घेऊन आली, तो स्वयंपाकघराच्या मध्यावर ठेवला, चपला काढल्या आणि उभी राहिली. मला म्हणाली, "अहो, वाचा." मी वाचलं. एकाहत्तर. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं हे मला पहिल्यांदा सांगितलं, तेही मुलासमोर. ती म्हणाली, "दादा येतोय ना," आणि काटा उचलून परत वर नेऊन ठेवला. मला भरून आलं, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही.

तेव्हा गाडी ती चालवणार. आज सकाळी शेतावर तिनं ते अख्खं घर एका दमात मागे घेतलं, मी हातवारे करत होतो त्याकडे न बघता. मागे तुम्ही दोघं. (फोटोवरून मी तुम्हाला चौऱ्याऐंशी धरलं आहे आणि वहिनींना सहासष्ट, राग मानू नका, डॉक्टरचा डोळा आहे, आणि तरीही चाळीस किलो उरतात.) मी त्या चाळिसात मावत नाही, तेव्हा बॅगा घेऊन आगगाडीनं येईन आणि मुक्कामावर तुमच्या आधी पोचून पाणी तापवून ठेवीन. जूनची तिकिटं आजच्या आज काढा. आणि आता जर तुम्ही हॉटेल चालेल म्हणालात, तर तुमची-माझी सोयरीक संपली.