मयतीत मिळालेलं बक्षीस

गोंदिया, प्रशिक्षण केंद्राचं वसतिगृह,
दिवाळीच्या आधीचा आठवडा

तीर्थरूप चैतरामदादांना,

धाकट्या धर्मेंद्रचा दोन्ही हात जोडून रामराम. (इथे उठल्यापासून झोपेपर्यंत ‘जय मसीह की’ चालतं आणि जिभेला तेच वळण पडलं आहे, पण तुम्हाला रामराम न घालता पत्र सुरू केलं तर वहिनी ते न वाचताच चुलीत घालतील.) तुमचा गुडघा कसा आहे? पायरी चढताना अजून वाजतो का? वहिनींना डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं होतं, म्हणजे त्यांनी ते वाढवलं असणार. धानाला तुडतुडा लागला नाही ना? आपल्या नाटक मंडळाची तालीमही सुरू झाली असेल. माझ्या जागी तुम्ही घेतलेल्या त्या देवरीच्या पोराला खलनायकाचं हसणं काही जमत नसेल. जमत असेल तर कळवू नका.

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण असं की फोनवर सांगायला बसलो असतो तर आवाजात अभिनय शिरला असता आणि तुम्ही शेवटी ‘वा!’ म्हणाला असता. या बाबतीत मला ‘वा’ नको आहे. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते मंडळाच्या ग्रुपवर हसण्याच्या चित्रांसकट फिरलं असतं. म्हणून कागद. वाचून झालं की फाडून टाका, आणि आईला मुळीच दाखवू नका. पोरगा नाटक सोडून देवाच्या कामाला लागला म्हणून ती बाजारात अभिमानाने दोन भाज्या जास्त घेते म्हणे.

तुम्हाला इथल्या शिक्षणाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. (तुम्ही निरोप देताना विचारलं होतं, ‘प्रार्थना कराले शिकाव लागते काय बे?’ तेव्हा मी रागावलो होतो. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता.) चर्चचा पाळक व्हायचं म्हणजे शास्त्राचा अभ्यास आहे, मंडळीचा कारभार आहे, लग्न कसं लावावं, आजाऱ्याकडे गेल्यावर कुठे बसावं, किती बोलावं, हे सगळं शिकवतात. उपदेश कसा तयार करावा हा एक विषय आहे, त्यात मी पास होईन अशी सगळ्यांची खात्री होती, माझी तर जास्तच. पहिल्याच दिवशी मी उभा राहिलो आणि मंडपाबाहेर बैलबंडीवर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचावा तसा आवाज लावला. वर्गात आम्ही मोजके विद्यार्थी आणि पंखा. आमचे हिमांशु सर छत्तीसगडकडचे, फार शांत माणूस. ते म्हणाले, “धर्मेंद्र, परमेश्वर बहरे नहीं हैं।” तेव्हापासून मी हळू बोलायचा सराव करतो, पण माझं हळू बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं अशी तक्रार आहे.

त्याहून अवघड विषय म्हणजे समुपदेशन. दुःखी माणसाचं ऐकून कसं घ्यावं, याचा चक्क पाठ असतो. एकाने दुःखी व्हायचं, दुसऱ्याने पाळक व्हायचं. माझी दुःखी होण्याची पाळी आली तेव्हा मी बायको सोडून गेलेल्या माणसाचं काम असं केलं की पाळक झालेला विद्यार्थीच रडत बाहेर पळाला आणि सरांनी मला विचारलं, घरी खरंच सगळं ठीक आहे ना? (माझं लग्नच व्हायचं आहे याची त्यांना आठवण करून द्यावी लागली.) पण मी पाळक झालो की सगळं बिघडे. सर म्हणत, तू ऐकत नाहीस, तू समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट पाहतोस. दादा, यात खोटं काही नाही. इतकी वर्षं स्टेजवर मी तेच केलं. समोरचा काय बोलतो याच्याशी आपलं देणंघेणं नाही, त्याचा शेवटचा शब्द पडला की आपण सुरू.

आता मुद्द्यावर येतो. (एवढा वेळ आलो नाही, कारण येववत नाही.) दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक विधी मंडळीसमोर प्रत्यक्ष चालवून दाखवावा लागतो, शिक्षक बाजूला उभे राहतात. कुणाला लग्न मिळालं, कुणाला लेकराचं नाव ठेवणं. माझ्या वाट्याला सौंदडच्या केवळरामजींची मयत आली. तुम्ही त्यांना ओळखत असाल, धानाच्या मळणीवर गाणी म्हणायचे आणि आपलं एकही नाटक चुकवायचे नाहीत. म्हातारपणाने, झोपेत गेले. तिथले पाळक आजारी होते, म्हणून सर मला म्हणाले, तू चालव, मी आहे. मी वसतिगृहातला पांढरा झगा उसना घेतला. तो मला आखूड होता, पण त्या दिवशी त्याहून मोठ्या गोष्टी घडणार होत्या.

कबरीपाशी सगळं गाव होतं. चर्चची माणसं कमी, गावची जास्त, पवार, कोहळी, सगळ्याच जातींचे. मी प्रार्थना सुरू केली आणि दादा, खरं सांगतो, ती चांगली चालली होती. आवाज खाली ठेवला होता. केवळरामजींच्या चांगुलपणाबद्दल बोलताना मला स्वतःलाच भरून आलं, आणि तो अभिनय नव्हता. बायका रडत होत्या. तेवढ्यात गर्दीतून केवळरामजींचा मेहुणा पुढे आला, दवनीवाड्याचा देवचंद. तोच, जो दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत प्रत्येक नाटकाला पहिल्या रांगेत बसतो आणि खिशालाच सेफ्टीपिन लावून येतो, म्हणजे बक्षिसाची नोट नटाच्या छातीवर टाचायला उशीर नको. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याचा हेतू वाईट असेल असं मी मेल्यावरही म्हणणार नाही. माणसाला बोलता येत नाही तेव्हा तो सवयीचं करतो. त्याने खिशातून नोट काढली आणि प्रार्थना चालू असताना माझ्या झग्याला, छातीवर, नीट टाचली.

इथे मी थांबायला हवं होतं. किंवा पुढे बोलत राहायला हवं होतं. मी यांतलं काहीच केलं नाही. नोट छातीवर आली की आपल्याकडे नट काय करतो? मेलेल्याचं काम करत असला तरी उठून बसतो आणि देणाऱ्याचं नाव पुकारतो. माझा उजवा हात आपोआप कपाळाला गेला, कंबर वाकली, आणि शेवटच्या बंडीपर्यंत पोचणाऱ्या त्या जुन्या आवाजात मी म्हणालो, “कलेवर खूश होऊन दवनीवाड्याचे रसिक श्रीमान देवचंदभाऊ यांच्याकडून बक्षीस! मंडळ त्यांचं आभारी आहे!” आणि गुड्डू, जो आपल्याकडे ढोलकी वाजवायचा आणि आता चर्चच्या गाण्यांना वाजवतो, त्याचे हातही माझ्यासारखेच निघाले. त्याने ढोलकीवर बक्षिसानंतरची ठरलेली तिहाई दिली. मागून कुणीतरी टाळीही वाजवली.

कुंदाबाईंनी, म्हणजे केवळरामजींच्या बायकोने, पदर तोंडावर ओढला आणि त्यांचे खांदे गदागदा हलू लागले. चार बायका त्यांना सावरायला धावल्या. ते दृश्य बघून मला वाटलं, शेजारी आणखी एक खड्डा खणलेला असता तर बरं झालं असतं. सरांनी पुढे होऊन हिंदीत प्रार्थना पूर्ण केली. मी माती लोटली, ती नोट छातीवर फडफडत असतानाच, कारण काढली तर देवचंदचा अपमान आणि ठेवली तर देवाचा. कुणाचा निवडावा हे अभ्यासक्रमात नव्हतं.

पण दादा, जीभ घसरली याची एवढी शरम नाही. घसरते माणसाची. शरम याची आहे की ती टाळी वाजली तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. छाती फुगली. समोर माणूस मातीत होता, त्याची बायको उभी होती, आणि मला आनंद झाला. हे मी सरांना सांगितलेलं नाही. प्रार्थनेतही सांगतो तेव्हा जरा आडून सांगतो.

सर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाले की मला पुढे शिकू द्यायचं की घरी पाठवायचं हे आता समिती ठरवेल, आणि त्याआधी ती कुंदाबाईंना विचारेल. त्या ‘नको’ म्हणाल्या तर नको. शिवाय म्हणाले, जाऊन माफी मागून ये. मी गेलो. म्हणजे गाडीत बसून सौंदडला उतरलो. स्टेशनवर चहा घेतला. माफीचं भाषण मनात पाठ होतं, फार सुंदर झालं होतं, तीन ठिकाणी आवाज कापरा करायचा होता. ते मनात म्हणताना माझ्या लक्षात आलं की मी तालीम करतो आहे. मग उठवेना. परतीची गाडी आली, तिच्यात बसलो. सरांना म्हणालो, त्या घरी नव्हत्या. (पाळक होऊ घातलेल्या माणसाने हेही केलं. आता लिहिलंच आहे तर पूर्ण लिहितो.)

तर असा तुमचा भाऊ. गुडघ्याला तीळतेल लावत जा. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, तो माझ्याकडून लागू होत असेल तर.

तुमचा,
धर्मेंद्र

ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि वर कुठेच लिहिता आलं नाही. या हंगामात मंडळात माझी सोय होईल का? खलनायक त्या पोराकडेच राहू द्या. मी शिपायाचं काम करीन, पडदा ओढीन. समितीने हाकलण्याआधी आपणच निघालेलं बरं. आईला मी बघून सांगीन काहीतरी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. परवा कुंदाबाई स्वतःच आल्या. एस.टी.ने, सोबत उकडलेले शिंगाडे घेऊन. मी भाषण सुरू करण्याआधीच त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “पास्टर, मले एक सांगाचं हाय, कोणाले सांगजो नोको. तू ते बक्षिसाचं बोलला ना, मले हासू आलं जी. पदर घेतला तोंडावर. लोकायले वाटलं रडून राहिली. बाया सावरून राहिल्या अन् मी हासूनच राहिली. बुढा मातीत गेला अन् मी हासली! झोप नाही लागत मले. हे कोणाले सांगू?” मध्ये त्या थांबल्या. माझं वाक्य तयार होतं, पण मला दिसलं की त्यांचं अजून संपलं नाही. मी गप्प बसलो. मग त्या म्हणाल्या, “तो असता त तोबी हासला असता,” आणि पुन्हा हसल्या, आणि हसता हसता एकदम रडायला लागल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच म्हणे. फार वेळ रडल्या. मी काही केलं नाही, दादा. एक चांगला शब्दही बोललो नाही. माझी स्वतःची गोष्ट, ती टाळीची, तीसुद्धा सांगितली नाही, कारण पाळी त्यांची होती. जाताना त्यांनी विचारलं, “तुमच्या सरायले काय सांगू? हासली म्हणून सांगू काय?” मी म्हटलं, ते नको. मग त्या सरांना भेटून एवढंच बोलल्या, “पोरगा असू द्या. आवाज जरासा मोठा हाय.” आज समितीने मला ठेवून घेतलं. विधी मात्र पुन्हा चालवून दाखवायचा. तो पुन्हा मयतीचाच हवा असल्यामुळे सध्या मी सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी जरा जपूनच करतो. वर तुमच्या गुडघ्याची केली ती निव्वळ प्रेमाने.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. मंडळात माझी सोय करू नका. त्याऐवजी दुसरी एक करा. एस.टी.त चढता चढता कुंदाबाईंनी हळूच विचारलं होतं, “माणूस गेल्यावर मंडईचं नाटक पाह्यलं त पाप लागते काय?” केवळरामजी त्यांना दरवर्षी न्यायचे. यंदा लोक काय म्हणतील म्हणून त्या जाणार नाहीत, आणि घरात बसून त्यांना माइकवरचं सगळं ऐकू येईल. तर सौंदडला तुमचा प्रयोग लागेल तेव्हा पुढच्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवा. त्यांना घरून मी घेऊन येईन, आणि झगा घालूनच येईन, त्या आखूड झग्यात. लोकांना बघायचंच असेल तर ते माझ्याकडे बघतील. त्याची मला सवय आहे.