नवसू करगळ यांना प्रश्न विचारणे पूर्ववत सुरू करणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प समन्वय अधिकारी,
परदेशी साहाय्यित मेंढपाळ उपजीविका प्रकल्प,
विभागीय कक्ष, पुणे.

अर्जदार : नवसू कुशाबा करगळ, वय अंदाजे ७२, धंदा मेंढपाळ, मुक्काम आणे पठार, ता. जुन्नर, जि. पुणे.
अर्ज लिहून देणार : गोरख धर्माजी फापाळे, झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म सेवा, बेल्हे.

विषय : अर्जदार सधन झाल्याची चुकीची नोंद रद्द करून त्यांना दरमहा प्रश्न विचारण्याचे काम पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १८ ऑगस्ट २०२५ चे पत्र, ‘लाभार्थ्यास प्रकल्पातून सन्मानपूर्वक मुक्त करणेबाबत’.

महोदय,

१. वरील अर्जदारांना लिहिता-वाचता येत नाही. त्यामुळे ते सांगतात आणि मी लिहितो, अशा रीतीने हा अर्ज तयार होत आहे. यात जेथे दुःख आहे ते अर्जदारांचे समजावे आणि जेथे राग आहे तो बहुतेक माझा समजावा. आपले पत्र अर्जदारांनी साडेचार महिने पटक्याच्या घडीत बाळगले. सरकारी कागद आहे, काहीतरी चांगलेच असेल, अशी त्यांची समजूत होती. गेल्या शनिवारी ते पत्र घेऊन माझ्या दुकानात आले. मी वाचून दाखवले तेव्हा कळले की त्यांना काढून टाकले आहे.

२. पत्रात दोन कारणे दिली आहेत. पहिले, आपला देश आता ‘उदयोन्मुख अर्थव्यवस्था’ झाला असून मदत करणारी परदेशी संस्था आपला निधी अधिक गरजू देशाकडे वळवीत आहे. दुसरे, अर्जदारांनी सात वर्षे दिलेल्या उत्तरांवरून ते स्वतःही गरिबीतून बाहेर पडल्याचे सिद्ध झाले आहे. त्याबद्दल संस्थेने त्यांचे अभिनंदनही केले आहे. पुरावा म्हणून त्यांच्या उत्तरांचा तक्ता जोडला आहे. त्यात लिहिले आहे : निवास, प्रशस्त वाडा. शेतजमीन, निरनिराळ्या गावांत. प्रवास, वर्षातून आठ महिने, समुद्रकिनाऱ्याच्या भागात.

३. महोदय, हे वाचून मी दुकानात एकटाच मोठ्याने हसलो. अर्जदारांना का हसतो ते कळेना, कारण तक्त्यातले एकही उत्तर खोटे नाही. आपल्या माहितीसाठी खुलासा करतो. धनगरांचा वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. माळावर मेंढ्यांभोवती जाळीचे वाघूर लावायचे, शेजारी चूल मांडायची, घोड्यावरचे बिऱ्हाड उतरवायचे आणि चार-पाच कुटुंबांनी उघड्यावर पडायचे, याला आमच्याकडे वाडा म्हणतात. या वाड्याला भिंत नाही, दार नाही, छप्पर तर नाहीच. ‘राहता कुठे?’ असे विचारल्यावर अर्जदारांनी ‘वाड्यावर’ असे सांगितले, आणि ते कोठल्या तरी यंत्राने कोठल्या तरी भाषेत नेऊन राजवाड्याच्या जवळपास पोचवले.

४. शेतजमिनीचेही तसेच. ‘काल मुक्काम कुठल्या शेतात?’ या प्रश्नाला अर्जदारांनी कधी मढ गावच्या सारजाबाईंचे वावर सांगितले, कधी ओतूरचे. लेंडीखतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, त्यातला हा मुक्काम. सकाळ झाली की मेंढ्या उठतात आणि रान ज्याचे त्याचेच राहते. आणि दिवाळीनंतर माळशेज घाट उतरून मेंढ्या कोकणात न्यायच्या, त्या जेठात परत आणायच्या, याला जर आपला तक्ता पर्यटन म्हणत असेल, तर अर्जदारांच्या सात पिढ्या हवापालटच करीत आल्या आहेत.

५. येथवर लिहून मी विनंतीचा परिच्छेद घ्यायला लागलो. नोंद दुरुस्त करावी, मेंढ्यांची लस पुन्हा सुरू करावी, नवीन सौरदिवा द्यावा, अशी नेहमीची यादी मला तोंडपाठ आहे. अर्जदारांनी मला थांबवले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो : “लशीचं ऱ्हाऊ दे रं भाऊ. दिवा बी नगं, व्हता तो बी घिऊन जा म्हनावं. ती पोरगी कधी येनार तेवढं इचार.”

६. पोरगी म्हणजे आपल्या प्रकल्पाच्या क्षेत्र पाहणी सेविका अश्विनीताई, राहणार अवसरी बुद्रुक. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या स्कूटीवरून पठारावर येत, आणि वाडा वाटेवर असला तर वाटेवर गाठत. टॅबलेट काढून एकूण त्रेपन्न प्रश्न विचारत. आपल्या नियमाप्रमाणे हे काम चाळीस मिनिटांचे आहे. अर्जदार त्याला तीन तास लावत. ‘मागील महिन्यात किती दिवस भाजी खाल्ली?’ असे विचारले की ते भाजी कुठली, कुणी दिली, तिच्यात काय घातले आणि तेवढ्यात कुत्र्याने काय केले, हे सगळे सांगत. अश्विनीताई आकडा भरीत आणि बाकीचे ऐकून घेत. बाकीच्यासाठी आपल्या फॉर्ममध्ये जागा नाही, हे त्यांनी अर्जदारांना कधी कळू दिले नाही. या कामासाठी त्यांना जो काही पगार आपण देत होता, तो कमी होता असे माझे स्पष्ट मत आहे.

७. दोन वर्षांपूर्वी कार्तिकात अर्जदारांच्या पत्नी म्हाळसाबाई वाटेवरच, घाटाच्या अलीकडे, तापाने वारल्या. दहावे-तेरावे झाले. भावकी आली, गेली. मुलगा दादाभाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याला रजा नव्हती, तरी तो चार दिवस राहिला. अर्जदार सांगतात की या सगळ्या दिवसांत त्यांना कोणी काहीही विचारले नाही. सगळ्यांना सगळे ठाऊकच होते, मग विचारायचे काय? पुढच्या गुरुवारी अश्विनीताई आल्या. प्रश्न क्रमांक चार असा आहे : ‘कुटुंबातील सदस्यांच्या संख्येत मागील भेटीनंतर काही बदल झाला आहे का? असल्यास तपशील द्या.’ अर्जदारांनी तपशील दिला. ताप कधी चढला, तिने पाणी कितीदा मागितले, शेवटी कोणत्या मेंढीचे नाव घेतले, सगळे दिले. अर्जदार म्हणतात, “मला तवा पैल्यांदा रडू आलं. कागदानं इचारलं म्हनून आलं.”

८. त्यानंतर अर्जदारांनी वाड्याबरोबर जाणे सोडले. गुडघे चालत नाहीत. बहुतेक मेंढ्या पुतण्या भैरवनाथाला दिल्या, स्वतःपुरत्या नऊ ठेवल्या. दिवाळी झाली की पठारावरचे सगळे वाडे कोकणच्या वाटेला लागतात आणि जेठापर्यंत माळावर ते, त्या मेंढ्या, एक कुत्रा आणि अधूनमधून बिबट्या, एवढेच उरतात. यातला कोणीच बोलत नाही.

९. आपण म्हणाल, फोन आहे. आहे. दादाभाऊ रविवारी फोन करतो. अश्विनीताईंचा नंबरही अर्जदारांकडे आहे. प्रकल्पाबरोबर त्यांचेही काम सुटले, आता त्या मंचरला एका कापडाच्या दुकानात उभ्या असतात, तरी फोन केला तर उचलतात. पण अर्जदारांची अडचण वेगळी आहे. त्यांच्याच शब्दांत : “फोनवर समदी येकच इचारत्यात, बरं हाय का? त्याला उत्तर बी येकच. बरं हाय. मंग ठिवत्यात.” नात दिशा चांगली पाचवीला आहे. ती फोनवर येते आणि “आबा, जेवला का?” विचारते. तेवढ्यात गिऱ्हाईक असल्यासारखा फोन दुसऱ्याच्या हातात जातो. अर्जदारांची तक्रार पोरांवर नाही. त्रेपन्न प्रश्नांची सवय लागलेल्या माणसाला एका प्रश्नात भागवता येत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

१०. ‘उदयोन्मुख’ या शब्दाचा अर्थ अर्जदारांनी मला विचारला. उगवतीकडे तोंड करून निघालेला, असे मी सांगितले. ते मग म्हणाले, “चांगलं हाय की. निगू दे. पर मावळतीला बसल्यालं बी मानूस त्याच देशातलं हाय, त्यास्नी कळवलं का न्हाई?” महोदय, मी आपल्याकडे अनेकांचे अर्ज पाठवले आहेत. त्यांपैकी एकाही अर्जात देशाबद्दल इतके नम्रपणे कोणी काही विचारलेले नाही.

११. सबब अर्जदारांची विनंती पुढीलप्रमाणे आहे. वाड्याची नोंद दुरुस्त करावी. ती दुरुस्त होत नसेल तर राहू द्यावी, वाडा मोठा आहे असे समजून तरी कोणी बघायला यावे. पुन्हा गरीब ठरण्यासाठी काही करावे लागत असल्यास अर्जदारांची तयारी आहे. लस, दिवा, पाण्याचे टाके यांवरचा हक्क ते सोडून देत आहेत. परदेशी संस्थेने निधी दुसऱ्या देशाला खुशाल द्यावा, तेथेही मेंढरामागे एकटी माणसे असतील. मात्र प्रश्न येथे ठेवावेत. प्रश्नांना काही खर्च येत नसावा, असा अर्जदारांचा अंदाज आहे. अश्विनीताईंना पुन्हा नेमता येत नसेल तर दुसरे कोणीही चालेल, मात्र घाईचे माणूस नको. आणि तेही जमत नसल्यास छापील प्रश्नावली बेल्ह्याला पाठवावी, गोरख वाचून दाखवील. हे शेवटचे कलम अर्जदारांनी मला न विचारता घातले आहे. मी ते खोडलेले नाही.

१२. मागील पाच महिन्यांची उत्तरे अर्जदारांकडे साचली असून ती फुकट जाऊ नयेत म्हणून काही येथेच नोंदवतो. जनावरांच्या संख्येत घट : एक, काळी मेंढी, बिबट्याने. आजारपण : उजवा गुडघा, रोज. नवीन खरेदी : काही नाही, कुत्र्याला पट्टा. प्रश्न क्रमांक एकतीस, मागील सात दिवसांत कुटुंबाबाहेरील किती व्यक्तींशी बोललात : एक. ती व्यक्ती मी. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘बाबा, गर्दी आहे, उद्या या’ असे म्हणून परत पाठवले होते. पठारावरून ते चालत आले होते. हे त्यांनी लिहायला सांगितलेले नाही, मीच लिहितो.

तरी आपण या अर्जाचा माणुसकीने विचार करावा, आणि उत्तर द्यायचे झाल्यास पत्राने न देता माणसाकरवी द्यावे.

आपला नम्र व अद्याप गरीब,

निशाणी डावा अंगठा : ....................
(नवसू कुशाबा करगळ)

स्थळ : बेल्हे
दिनांक : ९ जानेवारी २०२६

सोबत :
(१) आपल्या पत्राची व तक्त्याची झेरॉक्स प्रत.
(२) सौरदिवा, एक. चालू स्थितीत. (पोस्टाने घेत नाहीत. दुकानात ठेवला आहे.)

अर्ज लिहून देणाऱ्याची टीप : वरील मजकूर अर्जदारांना वाचून दाखवला आणि बरोबर आहे का, असे विचारले. “बरोबर हाय, पर आजून येकदा वाच,” म्हणाले. असा तो बुधवारपासून रोज तीन-चार वेळा वाचून झाला आहे. आज शाईची डबी उघडून पुढे ठेवली. अर्जदारांनी अंगठा शाईपर्यंत नेला आणि मागे घेतला. म्हणाले, “ह्यो उठवला की काम झालं. मंग उद्याच्याला मी काय म्हनून यायचं?” अंगठ्याविना अर्ज ग्राह्य धरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी तो तसाच आजच्या टपालाने पाठवत आहे. अर्जदारांना हे कळवलेले नाही. अर्जात अजून एक दुरुस्ती राहिली आहे, उद्या सकाळी या, असे मी त्यांना सांगितले आहे.

गोरख धर्माजी फापाळे