तुडुमावर कोण उतरलं होतं

बाबा, तुमचा जावई आता म्हातारा झाला आहे. गुडघे धरून बसतो, ऐकायला कमी येतं, पण पाऊस लांबला की गावातले लोक अजून त्यालाच विचारायला येतात. मी शेजारच्याच ओट्यावर बसलेला असतो. मला ते ‘नमस्कार गुरुजी’ म्हणतात आणि त्याच्याकडे वळतात. तलावात पाणी किती, धानाच्या कोणत्या बांधीला आधी द्यायचं, सगळं त्याला. मी चष्मा पुसत बसतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आजोबा झालो, तरी त्या वेळी माझा जीव जळतो. या वयात हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

परवा शाळेनं मला बोलावलं होतं, माझ्या प्रवासाबद्दल मुलांना सांगायला. पाठीवर एक पिशवी घेऊन एकटाच बावीस महिने परदेशात फिरलेला आपल्या भागातला मी एकटा, असं हेडमास्तरांनी सांगितलं. मी नेहमीचं सांगितलं. मुंबईहून बोटीनं बसऱ्याला गेलो, बोटीच्या डेकवर उघड्यावर झोपलो. इराणात ट्रकवाल्यांनी बसवून घेतलं, तुर्कस्तानात खेड्यातल्या लोकांनी घरात निजायला जागा दिली. पुढे ग्रीस, युगोस्लाव्हिया, जर्मनी, फ्रान्स. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबतीत घडल्यासारखं वाटतं. खरं काय ते मी कधीच सांगत नाही. अर्धा प्रवास मी हौसेनं केला आणि अर्धा रुसून केला.

मी निघालो ती आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी होती. लाखांदूरच्या शाळेतली मास्तरकी सोडली म्हणून तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. शेवटी आईच्या चुलीपाशी, भाताची पेज पिता पिता, खाली मान घालून विचारलंत, “तुले तिकडं कोण बोलावून राहिलं?” कोणीच बोलावत नव्हतं. नागपूरला शिकताना पुस्तकं वाचली, नकाशे पाहिले आणि डोक्यात एक किडा शिरला, एवढंच. तुम्ही एस्टीपर्यंत सोडायला आलात. वाटेत माझी खाकी पिशवी माझ्या पाठीवरून उतरवली आणि पट्टे आवळून पुन्हा बांधली. ओझं कमरेवर लोंबत होतं, ते खांद्यांच्या मध्ये आणलंत. बस धुरळ्यात निघाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर तुम्ही तलावाकडच्या वाटेला लागलासुद्धा होतात.

तलाव म्हणजे तुमचं सर्वस्व, हे मुलांना सांगायचं तर आधी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी पाटात सोडायची जागा, सांगावा लागतो. आता तिथे लोखंडी चाक बसवलं आहे, ते फिरवलं की पाणी सुटतं. तुमच्या वेळी पारेच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला पाण्यात उभा दगडी खांब होता, त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. छाती भरून श्वास घ्यायचा, खाली जायचं, दट्ट्या सैल करून काढायचा आणि हातात घट्ट धरूनच वर यायचं. आधी सगळ्यात वरचा. पाणी त्याच्या खाली गेलं की मग त्याच्या खालचा. गावानं हे काम आजोबांना दिलं होतं, आजोबांनंतर तुम्हाला. दहा-अकरा वर्षांचा असताना तुम्ही मला दोनदा खाली नेलंत. माझा हात धरून दट्ट्यावर ठेवलात. हिरव्या अंधारात तुमचा हात किती मोठा लागला होता. मग माझी शाळा, मग नागपूर, आणि तिसऱ्यांदा नेणं राहून गेलं. मी धरून चाललो होतो की ते काम माझंच आहे, केव्हाही येऊन घ्यावं. घरात टांगलेला कंदील काढून घ्यावा तसं.

तुर्कस्तानात डोंगरातल्या एका गावी मी जर्दाळूच्या बागेपाशी बसलो आहे. एक म्हातारा आणि त्याचा मुलगा पाट फिरवताहेत. मुलानं माती चुकीच्या बाजूला ओढली, पाणी वाटेवर आलं. म्हाताऱ्यानं एक ढेकूळ उचलून त्याच्या पाठीत हाणलं आणि दोघंही हसायला लागले. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी उठून गेलो. संध्याकाळी तुम्हाला कार्ड लिहिलं, धानाच्या रोवण्यापर्यंत परत येतो म्हणून. खरंच निघालो होतो, बाबा. परतीची बोट धरायला ग्रीसमध्ये पोचलो तेव्हा, मी कळवून ठेवलेल्या तिथल्या मोठ्या पोस्टात बहिणीचं पत्र माझी वाट पाहत होतं. तिचं लग्न झालं होतं. एकोडी गावचा मुलगा, चार भावांतला धाकटा, आपल्याच घरी राहायला आला होता. ‘माणूस चांगला आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘पोहणारा आहे. बाबा त्याला तुडुमावर घेऊन गेले होते. बाबा म्हणतात, त्याले सांग, घाई करू नोको.’

हे शेवटचं वाक्य मी त्या पोस्टाच्या पायऱ्यांवर बसून किती वेळा वाचलं असेन. तुम्ही मायेनं म्हणाला असाल. मी मात्र ते असं वाचलं की तुझी आता गरज नाही. घरजावई आणला, त्याला तुडूम दाखवला आणि मला सांगतात घाई करू नको. बरं, नाही करत. मी दक्षिणेकडे, बंदराला वळायचं ते उत्तरेला गेलो. ना कुणी बोलावत होतं, ना काही पाहायचं राहिलं होतं. जर्मनीत एका हॉटेलच्या मागच्या खोलीत हिवाळाभर भांडी घासली. फ्रान्समध्ये द्राक्षांचे वेल बांधले. पॅरिस पाहिलं, समुद्र पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी उभा राहून मनात तुम्हाला म्हणालो, पाहा, मी अजून आलो नाही. तिकडे तुम्हाला कुठे दिसणार होतं. फुगून बसणारं पोर निदान आईबापांच्या नजरेसमोर तरी बसतं. मी चार देश ओलांडून फुगून बसलो होतो.

परत आलो तेव्हा भादवा चालू होता. पाऊस त्या वर्षी आखडलेला, रोवणे कसेबसे झालेले. दारात पाय ठेवला आणि तुम्ही उभे राहिलात. माझ्यासाठी. बाप मुलासाठी उठून उभा राहतो का? खाट टाकायला लावलीत, पाय धुवायला पाणी आणायला सांगितलंत, बहिणीनं चहात जास्त साखर घातली. जेवताना पहिलं ताट मला. मी दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्यामागे बांधीवर यायला निघालो तर म्हणालात, “तू कायले उठून राहिला? बस. तुले आता सवय नाही राहिली.” मला ‘बस’ आणि त्याला ‘चाल’. तो तुमच्यामागे कुदळ घेऊन निघायचा, दाराशी वाकून माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसायचा. हाडाचा साधा माणूस होता, राग काढायला कुठे जागाच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. तुम्ही त्याला वाटेत बडबडत न्यायचात, हे असं धर, ते तसं नको, डोकं कुठं ठेवून आला. घरात जावयाचा मान मला मिळत होता आणि पोराच्या शिव्या त्याला.

आता ते सांगतो. हस्त कोरडा गेला. धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि बांध्या भेगाळल्या होत्या. गावानं बसून ठरवलं की उद्या तुडूम उघडायचा, फक्त वरचा दट्ट्या, दोन दिवस, मग पुन्हा बसू. तुम्ही जावयाला म्हणालात की जेवून उतर. मी ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं ताटावर बसलेले असताना मी निघालो. मला एवढंच हवं होतं की तुम्ही पारेवर याल तेव्हा पाटात पाणी खळखळत असावं आणि ते मी सोडलेलं असावं. पारेवर परदेशातले जाड तळाचे बूट काढून ठेवले आणि उतरलो. बावीस महिने जग पाहिलेला मी, खाली जाऊन हात लावला तर एकही भोक ओळखता येईना. गाळ उठला. श्वास संपत आला. हाताला लागला तो दट्ट्या धरून सगळ्या ताकदीनं उपसला, आणि पाण्यानं असा हिसका दिला की तो हातातून सुटला. वर येऊन पाहतो तर पाटात पाणी मावत नाही. मी सगळ्यात खालचा काढला होता. दट्ट्या कुठे वाहत गेला ते दिसलं नाही. मी दोनदा पुन्हा बुडी मारली आणि मग भ्यालो. पारेवरून उतरून मागच्या वाटेनं अनवाणी घरी आलो, कपडे बदलले आणि पुस्तक उघडून बसलो.

ओरडा झाला. सगळे तलावाकडे धावले. जावई जेवून तुमच्या पुढे निघाला होता आणि पारेवर पहिला पोचला होता, म्हणून दट्ट्या त्यानंच काढला असं सगळ्यांनी धरलं. जावयानं आणि चार जणांनी तणसाचे पेंढे, पोती, चिकणमाती कोंबून भोक बुजवलं तोवर दिवस कलला होता. अर्धा तलाव नाल्याला लागला. त्या वर्षी पाटाच्या शेपटाकडच्या बांध्यांत धान भरलाच नाही, नुसती पळंज कापली लोकांनी. मी पारेवर गेलो तेव्हा तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे होतात आणि तो तुमच्यासमोर भिजून थरथरत होता. सगळं गाव बघत होतं. “काऊन बे,” तुम्ही म्हणालात, “डोळे फुटले का तुझे? वरचा कोणता अन् खालचा कोणता, इतकंही समजत नाही तुले? सालभरापासून काय शिकवून राहिलो मी? माझं नाव बुडवलं तू, लेका.” आपल्याकडे जावयाला कोणी अरे म्हणत नाही, बे तर दूरच. लोक चपापले. ‘मी नव्हतो उतरलो,’ एवढं तो म्हणाला असता तरी पुरे होतं. मान खाली घालून म्हणाला, “चुकलं बाबा.” तोवर तो तुम्हाला मामाजी म्हणत असे.

मी तोंड उघडणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. तेवढ्यात तुमचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणालात, “तू वरतंच थांब, कपडे भिजतील.” मी वरच थांबलो. घरी आलो तर खाटेखाली माझे बूट होते. पोत्यात गुंडाळून त्यानं ते आणून ठेवले होते. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, बहिणीलाही सांगितलं नसावं. तुम्हाला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. चार वर्षांनी तुम्ही गेलात. तेरवीला पागोटं माझ्या डोक्यावर बांधलं, आणि तलावाचं काम गावानं त्याला दिलं.

परवा शाळेत माझं बोलणं झाल्यावर हेडमास्तरांनी त्यालाही दोन शब्द बोलायला सांगितलं, पुढे बसला होता म्हणून. तो काठी टेकून उभा राहिला. म्हणाला, गुरुजींनी दुनिया पाहिली, मी एकोडीहून इथपर्यंतच आलो. मग त्यानं तुडूम सुटला त्या दिवसाची गोष्ट सांगितली. आपल्याच हातून दट्ट्या सुटला, अशी. आणि हसत हसत म्हणाला, “सासऱ्यानं भर गावात मले बे म्हटलं. त्या दिवशी मी या घरचा पोरगा झालो.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रवासाला वाजवल्या त्याहून जास्त. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून तीन वेळा मी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायचं म्हणून. बहीण म्हणते, काय काम आहे, आत या ना. मी काहीतरी बोलून परत येतो. मोठ्या मनानं गप्प राहतो, त्याचा आनंद कशाला हिरावायचा, असं मला वाटून घेता आलं असतं. हा कागद कुठे पाठवायचा नाही, कुणाला वाचून दाखवायचा नाही, म्हणून लिहितो. पारेवरचं ते तुमचं बोलणं माझ्या वाट्याचं होतं, बाबा. ज्या हातानं दट्ट्या उपसला तो माझा होता. तीनही वेळा मी त्याच्या दारी कबुली द्यायला गेलो नव्हतो. तुमची ती शिवी त्याच्याकडून परत घ्यायला गेलो होतो.