बंद केलं तरी उठणारा डबा

शिरूर अनंतपाळ

तीर्थस्वरूप सौ. उज्वलामामीस मन्मथचा शरणार्थ,

इकडं आम्ही सगळे खुशाल हावोत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? डॉक्टरनं जिना चढू नका म्हटलं तरी तुम्ही पापड वाळवायला गच्चीवर जातच असाल, मला माहीत हाय. आईनं शेंगाची चटणी बांधून ठेवलीय, नांदेडला येणारं कुणी भेटलं की धाडते. अर्धापूरचे पाहुणे आमचं घर बघायला आले, त्या दिवशी गुडघ्यामुळं तुमचं येणं झालं न्हाई. मामांनी तुम्हाला धड काही सांगितलं नसणार, म्हणून सगळं बैजवार लिहून राहिलो.

आधी डब्याचं सांगतो, कारण तो मी केलाय अन् तो चालतोय, अन् ह्या आनंदात मला जेवण सुचंना. लातूरच्या ज्या क्लासचे कॉम्प्युटर मी बघतो, त्यांनी एक जुनं मशीन (टिफिनाएवढं) भंगारात काढलं, ते मी मागून आणलं. त्यात लिनक्स टाकलं, अन् त्यावर इम्युलेटर. इम्युलेटर म्हणजे बहुरूपी समजा. लहानपणी आपण कॅसेट घालून टीव्हीवर गेम खेळायचो ते यंत्र आता मिळत न्हाई, तर हा प्रोग्रॅम त्याचं सोंग घेतो, अन् जुन्या गेमला वाटतं आपण आपल्याच घरी हाय. एवढं कुणीही करतं. मी त्याची आपोआप चालणारी सर्व्हिस केली. म्हणजे वीज मिळाली की लॉगिन न्हाई, पासवर्ड न्हाई, गेम आपोआप पडद्यावर हजर. त्याला खातंही (यूजर) वेगळं दिलं, घर एक पण चूल निराळी, आमच्या फायलींना त्यानं हात लावायचा न्हाई. अन् लिनक्सच्या आत एक कारभारी असतो, त्याला ताकीद दिली की हा गेम कशानंही बंद पडला तरी लगेच परत उभा करायचा. पहिल्यांदा चाललं तेव्हा मी बैठकीत एकटाच नाचलो. आईला वाटलं, पोराच्या अंगात आलं.

पाहुण्यांपुढं ती ताकीदच अंगाशी आली. ऋतुजा आलेली (आजकाल पोरीही घर बघायला येतात, लई चांगलं हाय), तिचे आईवडील अन् आजोबा अण्णाराव. ह्या आजोबांचं आयुष्य केळीच्या बागेत गेलं, बोलणं कमी, नजर तेज. आप्पांनी मुद्दाम, डबा जोडलेल्या त्याच टीव्हीवर, ताईच्या लग्नाची शूटिंग लावली होती, आपल्याकडं किती माणूस जमतं ते दिसावं म्हणून. नवरदेव मांडवात शिरला अन् लाईट गेली. परत आली तेव्हा टीव्हीवर ताई न्हाई, माझं विमान, पुलावर बाँब टाकत. आप्पांनी गेम बंद केला, कारभाऱ्यानं उभा केला. मामांनी बंद केला, परत उभा. आप्पा पाहुण्यांकडं बघून हसत होते अन् माझ्याकडं बघून दातओठ खात होते.

स्थळ गेलं म्हणून मी खाली मान घालून बसलो. तेवढ्यात ऋतुजानं हळूच विचारलं, लॉगिनच्या आधी चालू होतंय म्हणजे ह्याला वेगळा यूजर दिला का. मामी, आजवर माझ्याशी इतकं चांगलं कुणी बोललेलं न्हाई. स्पष्टच लिहितो, मला हीच पोरगी पाहिजे.

मग अण्णारावांनी जॉयस्टिक मागितली, अन् दुसरी मामांनी घेतली. पगार किती, जमीन किती, पोरगा पितो का, कुणी काही विचारलं न्हाई. पोह्याचा पार दगड झाला. शेवटी अण्णारावांना त्यांच्या लेकानं दंडाला धरून गाडीत बसवलं.

निघताना मामांनी डबा वायरींसकट पिशवीत घातला. ही ब्याद तुझ्याजवळ राहिली तर हेही स्थळ हातचं जाईल, म्हणाले. मध्यस्थ तेच, उत्तरही त्यांच्याकडंच येणार. तेव्हापासून मामा माझा फोन उचलत न्हाईत. कामात असतील. पण आषाढ तोंडावर आलाय, आषाढात साखरपुडा कुणी करत न्हाई, अन् तिकडं केळीवाल्या घराला स्थळांची काय कमी. तुम्ही मामांना सहज विचारून बघा. गुडघ्याला जपा.

तुमचा,
मन्मथ

ता. क. : डबा तुमच्या टीव्हीला जोडलेला असला (मला संशय हाय), तर वायर उपसून उपयोग न्हाई, परत लावली की उठतो. कारभाऱ्याला दोन हुकूम द्यावे लागतात, आत्ता थांबव अन् पुन्हा उठवू नको. ते मला इथून जमत न्हाई. तुम्ही जॉयस्टिक तेवढी तूरडाळीत लपवा.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात ऋतुजाचाच फोन. अण्णारावांसाठी तसाच डबा करून राहिली, ती ताकीद कुठं लिहायची ते विचारत होती. सांगता सांगता मी धीर करून उत्तराचं विचारलं. ती म्हणे, हाव म्हणून तुमच्या मामांना कवाच कळवलं की. मामी, मी फोन हातात घेऊनच आप्पांकडं पळालो. आप्पांना सांगितलं तर ते म्हणतात, मध्यस्थाच्या तोंडून आल्याशिवाय तो होकार न्हाई, पोरीच्या फोनवर सुपारी फोडतात होय. तेव्हा मामा आप्पांना फोन करेपर्यंत जॉयस्टिक देऊ नका.

ता. क. तिसरा : ऋतुजाला परत फोन लावला, आता सगळं कळलं. अण्णाराव रोज मामांना फोन लावतात, गेममध्ये कुठवर गेलात ते विचारायला, अन् मामा तो पहिल्या रिंगला उचलतात. होकारही अण्णारावांनी त्याच फोनवर दिला. तेव्हा मामांचं विमान नेमकं पुलावर होतं, म्हणून मामा 'जरा थांबा' म्हणाले अन् फोन ठेवला. अर्धापूरचे तवापासून थांबलेत. त्यांना वाटतंय, आमचंच मन होईना.

मामी, जॉयस्टिक डाळीत नको. बंबात घाला.