बढती नाकारली म्हणून

तीर्थरूप आई,
पायांवर डोकं ठेवतो, दुखऱ्या गुडघ्यावर जरा हलकेच.

हॉटेलच्या लाँड्रीत मी चादरींच्या घड्या घालतो. चादरीचं समोरचं टोक धरणारे काका मुलीच्या लग्नालाही घरी गेले नाहीत. त्यांचं घर मात्र तीन मजली आहे.

साहेब मला सुपरवायझर करणार होते. पगार दुप्पट, पण तीन वर्षं रजा नाही. मी नको म्हटलं.

"वेडा आहेस का? आईला पैसे पाठव की!"

"पैशांचा हात धरून तिला दारातल्या पायऱ्या उतरता येत नाहीत, साहेब."

आपला वरचा मजला बांधायचा राहिला, म्हणून रागावू नकोस. पुढच्या महिन्यात येतोय. तोवर तुला देवावर सोपवलंय. डॉक्टर काय म्हणाले, ते खरं लिही. माझा भरवसा देवावर आहे, तुझ्या 'मी ठणठणीत आहे'वर नाही.

तुझाच,
धाकटा