तांब्यातलं लिंबूपाणी

डहाणू रोड,
नोव्हेंबर २०१८

प्रिय दशरथ,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोंडाने कधी तुमचं नाव घेतलं नाही. कागदावर घेतलं तर चालतं, असं मी आत्ताच ठरवलंय. फोनवर तुम्ही ‘हो, बरं, ठेवतो’ याच्यापुढे जात नाही, म्हणून हे पत्र. देवजीभाऊजी ताडपत्री घ्यायला बाजारात आले होते, हे पत्र त्यांच्याच हाती द्यायचं म्हणून त्यांना आग्रहाने जेवायला बसवलंय. त्यांचं जेवण होईतो मला लिहून संपवायचंय आणि तुमचा भाऊ किती सावकाश जेवतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

घरी ठीक आहे. गॅस संपला होता, तो मीच फोन करून मागवला. पाठ अजून दुखते, पण तुम्ही तलासरीला गेलात तेव्हापेक्षा कमी. गेल्या आठवड्यात स्कॅन झाला. कॅन्सर परत आलाय की नुसती हाडं कुरकुरतायत, ते त्यातून कळेल. मला विचाराल तर कुरकुरच आहे.

तुम्ही मळणीचं निमित्त काढून गावी गेलात, पण भाऊजी म्हणतात, दादा खळ्यावर नुसता बसून असतो. परवा त्यांना म्हणालात म्हणे, “मीच पाजलं तिला. आता रोग उलटला तर माझ्याच हातानं उलटला.” हे ऐकून मला आधी राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला. तुम्ही सगळी गोष्ट डोक्यात उलटी लावून बसला आहात. म्हणून पहिल्यापासून सुलटी सांगते.

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस परत आले. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी त्या औषधाच्या अभ्यासात येता का म्हणून विचारलं. रक्तातलं तांबं कमी करणारं औषध. तुम्ही शेतकऱ्याचा मुलगा आहात हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी बरोबर तुम्हाला पटेल असं सांगितलं. रोगाचा एखादा दाणा अंगात कुठे राहिला असेल, तो आपल्याला दिसत नाही. पण भातासाठी आपण आधी राब भाजून जमीन तयार करतो, तशी तोही आधी जागा तयार करून घेतो, नव्या रक्तवाहिन्या बांधून घेतो आणि त्या कामाला तांबं लागतं. तांबंच मिळालं नाही तर जागा तयार होणार नाही आणि दाणा पडून राहील. हे अजून सिद्ध झालेलं नाही, तेच तपासतोय, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, “डॉक्टर आपल्याकडचाच वाटतो.” आणि मी सही केली.

मग त्या गोळ्यांचे ते ढेकर! अंडं न खाता सडक्या अंड्याचे ढेकर. शेजारणीने खिडकी लावून घेतली, पण तुम्ही कधी कूस बदलली नाहीत. ज्यात तांबं असतं ते काजू, तीळ, खेकडे सगळं बंद केलं, तरी माझ्या रक्तातल्या तांब्याचा आकडा काही खाली येईना. डॉक्टरांना वाटलं, बाई गोळ्या फेकून देतेय. अभ्यासातून नाव काढायची भाषा सुरू झाली. मी एवढी शिस्तीची बाई, मला किती लागलं असेल!

आणि मग नर्स संगिताने सकाळपासून काय काय पोटात जातं ते विचारायला सुरुवात केली. मी म्हटलं, आधी ह्यांच्या हातचं लिंबूपाणी. तुम्ही लगेच पिशवीतून बाटली काढलीत आणि तिच्यापुढे धरलीत, “ताई, तुम्हीपण घ्या. रातभर तांब्यात ठेवलेलं आहे, लिंबू पिळून. रक्ताला चांगलं.” त्या पोरीचा चेहरा मला अजून आठवतो. औषध तांबं काढत होतं आणि तुम्ही रोज सकाळी ग्लास भरून परत घालत होता. मला तिथेच इतकं हसू आलं की काही झालं की काय म्हणून डॉक्टर धावले. तुम्ही मात्र हसला नाहीत. त्या दिवसापासून हसलाच नाहीत.

अहो, काय खाऊ नका ते त्यांनी सांगितलं होतं, पाणी कशात ठेवता हे कोणीच विचारलं नव्हतं. आपल्याकडे आजारी माणसाला तांब्यातलं पाणी देतात, तुम्हीही दिलंत. मी फिकी दिसायला लागले म्हणून तुम्ही पहाटे उठून माझ्यासाठी करत होता. पुढे भांडं बदललं, आकडा उतरला आणि तो उतरलेलाच आहे. आकडा पहिल्या दिवसापासून खाली असता तरी हमी कोणी दिली होती? मी डॉक्टरांना सरळ विचारलंय. त्या पाण्यामुळे काय झालं असतं आणि काय नाही, हे जगात कोणीच सांगू शकणार नाही, असं ते म्हणाले. जे डॉक्टरांना सांगता येत नाही ते तुम्ही खळ्यावर बसून ठरवून टाकलंत.

आता हे आजच का लिहिलं ते सांगते. सकाळी संगिताचा फोन आला होता. रिपोर्ट तयार आहे, फोनवरच सांगू का म्हणाली. मी नको म्हटलं, उद्या येऊन घेते. तिला वाटलं मी घाबरले. घाबरले नाही. मला आधी तुम्हाला लिहायचं होतं. रिपोर्ट चांगला निघाल्यावर लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आनंदाच्या भरात बोलतेय. वाईट निघाल्यावर लिहिलं असतं तर वाटलं असतं, माझी कीव करतेय. आत्ता मला काहीही ठाऊक नाही आणि आत्ताच सांगते, तुमच्या हातून माझं काही वाईट झालेलं नाही. उद्या त्या कागदावर काहीही असो, हे बदलणार नाही. सकाळच्या गाडीसाठी मी स्टेशनवर असेन. तुम्ही आला नाहीत तरी मी जाईन. पण कागद उघडताना मला तुम्ही शेजारी हवे आहात.

तुमचीच,
सरला