बाकावरची कोरी जागा

मी, प्रभु महादेवप्पा बिराजदार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, भौतिकशास्त्राचा सेवानिवृत्त अधिव्याख्याता, राहणार पूर्व भाग, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, विचार सुसंगत आहेत आणि हे लिहिण्यास मला कोणीही भरीस घातलेले नाही. डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मनाची स्थिती कशी आहे, असा प्रश्न त्या प्रमाणपत्रात नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे देत नाही.

१. माझी पत्नी गुरम्मा दोन वर्षांपूर्वी लिंगैक्य झाली. मुलगा संगमेश पुण्यात अभियंता आहे. मुलगी शिवानी येथेच शाळेत शिक्षिका आहे. हे दोघेच माझे वारस होत.

२. माझ्या देहाचे दफन आमच्या रिवाजाप्रमाणे गुरम्माच्या शेजारी करावे. तेथे जागा राखून ठेवलेली आहे. भाषणे करू नयेत.

३. बँकेतील सर्व ठेवी संगमेश व शिवानी यांनी समसमान घ्याव्यात. याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

४. गुरम्मा ज्यांनी रंगाचे ठिपके देई त्या टोके घासलेल्या निंबाच्या काड्या, रंगांच्या बाटल्या व भिंग शिवानीस द्यावे. गुरम्मा लग्नापूर्वी चादरीच्या कारखान्यात नक्षी काढीत असे. चौकटीच्या कागदावर एकेका घरात रंगाचा एकेक ठिपका भरायचा, आणि त्यावरून मागावर मोर उमटायचा. पुढे ती कॅनव्हासवर चित्रे काढू लागली तरी तिची पद्धत बदलली नाही. जांभळा हवा असेल तर ती तांबड्याशेजारी निळा ठिपका ठेवी आणि मध्ये थोडी कोरी जागा सोडी. "रंग ताटलीत कालवला की मळतो. बघणाऱ्याच्या डोळ्यात कालवू दे की," असे ती म्हणे. शास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणे ग्राह्य आहे, असे मी तिला त्याच वेळी सांगितले होते. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "आता झोप लागेल मला."

५. माझा चष्मा माझे चुलतबंधू रेवणप्पा यांस द्यावा. गुरम्माच्या पहिल्या प्रदर्शनात चित्राला नाक लावून ते मोठ्याने म्हणाले होते, "वहिनी, ह्या बाईला गोवर आलाय काय?" सगळे हसले. गुरम्माही हसली आणि म्हणाली, "भावजी, दूर निंदर्री." म्हणजे लांब उभे राहा. ते मागे सरकले नाहीत. मी हसलो नव्हतो आणि अद्यापही हसलेलो नाही. चष्मा लांबचे पाहण्याचा आहे.

६. गुरम्माने काढलेले सिद्धेश्वर तलावाचे चित्र कोणीही घराबाहेर देऊ नये अथवा फेकून देऊ नये. त्यास जे झाले ते मुलांच्या मुलांनाही कळावे म्हणून नोंदवितो. ठिपक्यांमधल्या कोऱ्या जागा पाहून संगमेशला वाटले की आजारपणामुळे आईचे काम अपुरे राहिले. पहिल्या पुण्यस्मरणापूर्वी त्याने एका पाट्या रंगविणाऱ्या कारागिराकडून त्या सर्व जागा भरून घेतल्या आणि पुण्यस्मरणाच्या दिवशी चित्र हार घालून हॉलमध्ये आणून ठेवले. पाण्यावरचा उजेड त्या कोऱ्या जागांतून येत होता. तो गेला.

"दादा, आईच्या तळ्यात चिखल केलास तू," शिवानी सर्वांदेखत म्हणाली.

"अपुरं होतं, ते पूर्ण केलं मी. हात थरथरत होता तिचा. तू बघितलं न्हाईस काय?"

"मी रोज बघत होते. तू कुठं होतास?"

संगमेश जेवणाच्या पंगतीतून उठून गेला. त्या दिवसापासून बहीणभावांत बोलणे नाही. संगमेशने हे प्रेमापोटी केले, हे मी येथे स्पष्टपणे लिहितो. शिवानीनेही ते स्पष्टपणे वाचावे. तिचा शेवटचा प्रश्न अन्यायाचा नव्हता, हे संगमेशने वाचावे.

७. राहते घर माझ्या स्वकष्टार्जित मालकीचे आहे. पूर्वेकडील अर्धा भाग संगमेशचा व पश्चिमेकडील अर्धा भाग शिवानीचा राहील. दोन्ही भागांना जोडणारा लांब हॉल, ज्यात आम्ही घर घेण्यापूर्वी माग चालत असत, तो दोघांच्या सामाईक मालकीचा राहील. हॉलच्या मधोमध भिंत घालण्याचा नकाशा संगमेशने काढून आणला आहे. शिवानीने त्यावर सही केली आहे. त्या पंगतीनंतर या दोघांचे एकमत झालेली ही एकच गोष्ट. "आप्पा, भिंत झाली की कुणाचं तोंड बघायला नको," असे मला दोघांनीही, वेगवेगळ्या दिवशी, सांगितले.

८. हॉलच्या पूर्वेकडील भिंतीवर गुरम्माचे शेवटचे चित्र आहे. ते संगमेशचे. त्याच्या समोर, पश्चिमेच्या टोकाला, सागवानी बाक आहे. तो शिवानीचा. चित्र जवळून पाहिले तर नारिंगी ठिपक्यांखेरीज काहीही दिसत नाही. हॉलच्या मध्यावरूनही धड दिसत नाही. तेथेच भिंत येणार आहे. ते फक्त बाकावरून दिसते. म्हणजे चित्र एकाच्या हिश्श्यात आहे आणि ते जेथून दिसते ती जागा दुसऱ्याच्या. ही विभागणी अनवधानाने झालेली नाही.

चित्रात मी आहे. त्याच बाकावर, दुपारच्या उन्हात, वर्तमानपत्र वाचीत बसलेला. गुरम्मा हॉलच्या त्या टोकाला उभी राहून काढीत असे. मी पाहायला जवळ गेलो की म्हणे, "परत आलात काय? बसा की तिकडं. तुमी उठलात की माझा उजेड उठतो." त्या चित्रात मी जितका मवाळ दिसतो, तितका मी कोणाच्याही आठवणीत नसेन. तिला मी तसा दिसत होतो, एवढाच त्याचा पुरावा आहे.

चित्रातल्या माझ्या डाव्या बाजूस बाक रिकामा आहे. तेथे कॅनव्हास पांढराच ठेवलेला आहे. "ती माझी जागा. तुमचं झालं की बसते येऊन," असे ती म्हणाली होती. माझे झाले. त्यानंतर तिला काडी धरवली नाही. ही एक जागा खरोखरच अपुरी आहे. तेथे लग्नातल्या फोटोवरून आईला रंगवून घ्यावे, असे संगमेशच्या मनात आहे. तलावाच्या वेळचा उतावीळपणा यात नाही; या वेळी त्याने मला विचारले. मी उत्तर दिले नव्हते. उत्तर असे: ती जागा कोणीही भरू नये.

कारण देतो. दुपारी बाकावर बसून माझ्या नारिंगी आकृतीकडे पापणी न लववता पाहत राहावे. डोळे जड झाले की नजर शेजारच्या कोऱ्या जागेवर न्यावी. तेथे त्याच आकाराची, बसलेली, फिकट निळी आकृती उमटते. डोळ्यातील नारिंगी रंग टिपणारा भाग थकतो, म्हणून विरुद्ध रंग दिसतो. मी हे वर्गात अनेक वर्षे शिकविले आहे. यास कोणीही चमत्कार म्हणू नये. गुरम्माचे रोजचे इरकली लुगडे निळे होते, हा योगायोग आहे. आकृती थोड्या वेळाने विरते. मग पुन्हा माझ्याकडे पाहावे लागते. मी रोज पाहतो.

९. माझ्या दफनानंतर, भिंतीचे काम सुरू करण्यापूर्वी, संगमेश व शिवानी यांनी एका दुपारी त्या बाकावर एकत्र बसावे. बाकावर दोघांपुरतीच जागा आहे. बोलणे आवश्यक नाही. वर लिहिल्याप्रमाणे पाहावे. शेजारच्यालाही दिसले काय, हे दोघांपैकी एकाला विचारावे लागेल, तेवढे विचारावे. त्यानंतरही दोघांना भिंत हवी असेल तर ती बांधावी. माझी हरकत नाही.

१०. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले व अखेरचे.

स्थळ: सोलापूर
दिनांक: ११ डिसेंबर २०२५

(सही) प्रभु महादेवप्पा बिराजदार

साक्षीदार: श्री. बिराजदार यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीवर असताना, वरील सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही सह्या केल्या. सहीपूर्वी त्यांनी आम्हांस कलम आठमध्ये लिहिल्याप्रमाणे आळीपाळीने बाकावर बसविले.

(सही) डॉ. इंद्रजीत सयाजी गुंड, सोलापूर. आकृती दिसली. कारण कलमात दिल्याप्रमाणेच.

(सही) अंबुबाई नरसय्या गड्डम, शेजारीण. दिसली. पदर डोक्यावर होता.